वल्हं न भिजवता रोइंग कसं वाढवावं

महाराष्ट्रात रोइंग, म्हणजे वल्ह्यांनी नाव पळवण्याच्या शर्यतींचा खेळ, वाढवायचं तुमच्या मनात आहे, हे कळून आनंद झाला. मग पहिलं पथ्य सांगतो: पाण्याजवळ जाऊ नका. पाण्याकाठी डास असतात, पवईला तर मगरीही आहेत. शिवाय पहाटे साडेपाचला माणूस तलावाच्या काठी उभा दिसला की लोक त्याला प्रशिक्षक समजतात. आणि एकदा प्रशिक्षक झालात की संपलात. मानधन बुडतं, घसा बसतो आणि सत्काराच्या दिवशी खुर्ची मिळते ती तिसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे. तुम्हाला व्हायचंय पदाधिकारी.

त्यासाठी आधी लेटरहेड हवं. वर मधोमध दोन वल्ह्यांची फुली. छापखान्यातल्या मुलाने वल्ह्यांऐवजी बॅटी काढल्या तरी अडून बसू नका, तक्रार करणारा कोणी भेटणार नाही. पत्ता दादरला मेव्हण्याच्या क्लासचा चालेल. मग वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी. संस्था नोंदणीचा कायदा १८६० चा, म्हणजे विहार तलाव बांधून झाला त्याच वर्षीचा. तेव्हापासून मुंबईला तलावाचं पाणी आहे आणि संस्थांनाही तोटा नाही. या दोहोंची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच तुमचं काम.

राज्य संघटना म्हटली की जिल्हा संघटना दाखवाव्या लागतात. जिल्हे छत्तीस आहेत, नातेवाईक त्याहून जास्त. ज्या तालुक्यांत मार्चपासून टँकरच्या फेऱ्या सुरू होतात तिथंही रोइंग संघटना हवीच. अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघं एकाच शिधापत्रिकेवरचे असले तर बैठकीचा खर्चही वाचतो. टँकर म्हणजे तरी काय, जलवाहतूकच.

वर्षभरात तुमच्याविरुद्ध दुसरी राज्य संघटना निघेल. घाबरू नका. नाहीच निघाली तर मेव्हण्याला काढायला लावा. दोन संघटना असल्या की चेंज रिपोर्टवर, म्हणजे पदाधिकारी बदलल्याच्या अहवालावर, हरकत घेता येते, हरकतीवर तारीख पडते, आणि तारीख पडली की ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे सोन्यासारखं वाक्य हाताशी येतं. या एका वाक्यावर निवड चाचणी, शिबिर, हिशेब, काय वाट्टेल ते पुढे ढकलता येतं. मग दोन्ही संघटना आपापला संघ निवडतात, दोन्ही संघ एकाच गाडीच्या दोन डब्यांतून भोपाळला उतरतात, आणि बड्या तलावाच्या काठावर पोचल्यावर पोरांना कळतं की महाराष्ट्राचा संघ एकच उतरणार. कोणता, ते रात्री बारापर्यंत फोनवर ठरतं. पोरं तोवर वेफर्स खात बसतात. वजन फार वाढू नये म्हणून तेही बरंच.

पाहुणा बोलवाल तेव्हा तो विचारेल, “म्हणजे शिडाची होडी ना?” हो म्हणा. शिडाची नौका, कयाक-कनू आणि रोइंग हे तीन वेगळे खेळ, त्यांचे तीन वेगळे राष्ट्रीय महासंघ, हे समजावत बसलात तर नारळ फुटायला दुपार होईल. फार खोलात शिरलाच तर एवढं सांगा, की कयाकवाला पुढे तोंड करून बसतो आणि रोइंगवाला पाठमोरा. यावर तो हसून म्हणेल, “म्हणजे आमच्यासारखंच!” टाळी द्या, पण मनात ठेवा: रोअर निदान मागे उमटलेली रेघ बघत नाव सरळ ठेवतो.

स्पर्धेचं म्हणाल तर तिथं थोडी अक्कल लागते. सिंगल स्कल्सच्या नादी लागू नका. एक नाव, एक माणूस, एक प्रमाणपत्र, परवडत नाही. ‘एट’ भरवा. आठ वल्हवणारे आणि एक कॉक्स, म्हणजे एका शर्यतीत नऊ प्रमाणपत्रं. संघ तीनच आले तर कोणीही रिकाम्या हाताने घरी जात नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, तेव्हा पालक तुम्हाला शोधत येतील, तुम्ही पालकांना शोधायचं कारण नाही. कॉक्सची जागा मात्र हातची राखून ठेवा. तो वल्हवत नाही, सुकाणू धरतो आणि ओरडतो. कमीत कमी वजन ५५ किलो लागतं, पण ते कमी पडलं तर नावेत वाळूची पिशवी ठेवायची सोय नियमातच आहे. भाचा कितीही किडकिडीत असू दे, वाळू महाराष्ट्रात मिळते. रात्री तर हमखास मिळते.

लांबी आणि रुंदीवरून कोणी छेडलं तर? ऑलिम्पिकची शर्यत गेली कित्येक वर्षं २००० मीटरची, सहा रांगा, प्रत्येक रांग १३.५ मीटर रुंद, रांगांमध्ये दोरीला ओवलेले बोये. तुमच्याकडे असेल दोनशे मीटर पाणी, तेही जलपर्णीच्या अलीकडचं. बिनधास्त पाचशे मीटर म्हणा. पाण्यावर टेप धरून मोजायला कोण उतरतंय? आणि आता तर काळही तुमच्याच बाजूने वाहतोय. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची शर्यत लाँग बीचला १५०० मीटरवरच होणार आहे. जग हळूहळू तुमच्याकडे सरकतंय, तुम्हाला जागचं हलायची गरज नाही.

अजिबातच पाणी नको असेल तर इनडोअर रोइंग आहे. हे तर देवाने पदाधिकाऱ्यांसाठीच घडवलं. हॉलमध्ये यंत्रं मांडायची, पंखा घुमतो, पडद्यावर मीटर पळतात आणि माणूस जागच्या जागी. त्यातून खरे रोअर तयार होतात, वेळा काढल्या जातात, निवड होते, ते जाऊ द्या. तुमच्या दृष्टीने ते फोटोचं यंत्र आहे. मान्यवरांना बसवा. ते पाय ताठ सोडून नुसत्या हाताने दांडी पोटाशी ओढतील. रोइंगचा जोर मांड्यांतून येतो, पाठ मग, हात सगळ्यात शेवटी, हे कोपऱ्यात उभी असलेली बारीकशी पोरगी तोंडावर हात ठेवून मैत्रिणीला सांगत असेल. तिच्याकडे लक्ष देऊ नका. यंत्राच्या कडेला एक ते दहा आकड्यांची खिट्टी असते, ती आधीच दहावर करून ठेवा. चांगले रोअर ती चार-पाचवर ठेवतात, पण दहाचा फोटो दमदार येतो. साहेबांनी तीन वेळा ओढलं की टाळ्या, शाल, आणि लगेच माइक त्यांच्या हातात. दम लागलेला असल्याने भाषण आपोआप आटोपशीर होतं. मुंबईत एवढ्या स्वस्तात छोटं भाषण दुसरीकडे कुठे मिळत नाही.

नावा कधी ना कधी येतातच. एखाद्या कंपनीचा सामाजिक जबाबदारीचा निधी मार्चअखेर उरतो आणि परदेशातून कार्बन फायबरची नाव येते. सिंगल चौदा किलोच्या आसपास, एका माणसाने डोक्यावर घेऊन चालावी इतकी हलकी. हार घाला, नारळ फोडा. नावेवर नव्हे, हे गुरुजींना आधी बजावा. ती कवचासारखी पातळ असते आणि गुरुजींना सवय ट्रॅक्टरची. मग शेडमध्ये ठेवून कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाका. मुलांच्या हाती दिली तर ती वापरतील, वापरली तर खराब होईल. न वापरताही होते म्हणा. ताडपत्रीखाली मुंबईची खारी हवा रिगरच्या, म्हणजे वल्हं धरणाऱ्या चौकटीच्या, बोल्टांना पोचतेच, नावेच्या तळाचं पातं कोणाच्या तरी लाथेने उडतं, आणि गणपती झाल्यावर मंडळाची पोरं मांडवाचे बांबू ठेवायला जागा शोधत येतात तेव्हा शेडमध्ये लांब, सपाट, रिकामी अशी एकच वस्तू असते. पण ते दिसायला कोणीतरी शेड उघडायला हवं.

पुण्यातल्या वाईट उदाहरणांकडे पाहू नका. तिथं १८६८ पासून बोट क्लब आहे, सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजची मुलं मुठेच्या पात्रात स्वतःच रेगाटा, म्हणजे नावांचा उत्सव, भरवतात. नावा उचलतात स्वतः, धुतात स्वतः. अध्यक्षीय भाषणाची लांबीसुद्धा बहुधा स्वतःच ठरवत असतील. अशाने संघटना मोडकळीला येतात.

आणि पदकांची काळजी नको. ती लष्कर आणतं. पुण्याला दापोडीत सीएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आर्मी रोइंग नोड हे प्रशिक्षण केंद्र आहे. भरती झालेल्या उंच, लांब हातापायांच्या जवानाला तिथं नावेत बसवतात. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, वडिलांबरोबर विहिरी खणणारा. २०१२ मध्ये फौजेत गेला, तिथं वल्हं हातात आलं, आणि चार वर्षांत, २०१६ ला, रिओ ऑलिम्पिकच्या सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत क्वाड्रपल स्कल्सच्या सुवर्णात चौघांपैकी एक तोच. त्याला पाण्यात उतरवण्यात राज्यातल्या संघटनांचा हातभार किती, असं कोणी विचारलं तर तोंडी उत्तर देऊ नका, फ्लेक्स लावा. खेळाडूचा फोटो वर कोपऱ्यात, पासपोर्टएवढा. खाली ‘आपल्या मातीतला हिरा’ आणि मग तुमची कार्यकारिणी, पदाच्या उतरत्या क्रमाने.

एका ठिकाणी मात्र मला थट्टा जमत नाही. २०२२ च्या मे महिन्यात कोलकात्याच्या रवींद्र सरोवरात सराव चालू असताना वादळ आलं, नाव उलटली आणि दोन शाळकरी मुलं गेली. पोहता येत असल्याशिवाय नावेत बसायचं नाही, उलटली तर नाव तरंगते, ती सोडायची नाही, काठावर इंजिनाची बचावबोट तयार हवी, हे या खेळातलं पहिल्या दिवसाचं शिक्षण. तुमच्याकडे त्याऐवजी पालकांच्या सहीचं हमीपत्र आहे, ‘काही बरंवाईट झाल्यास संघटना जबाबदार नाही’ असं. ते तेवढं नीट लॅमिनेट करून ठेवा.

पदं टिकवायची युक्ती सांगायची राहिलीच. २०११ ची क्रीडा संहिता म्हणायची, सत्तरीनंतर पद नको, अध्यक्षाला बारा वर्षं बास, सचिव आणि खजिनदाराला सलग दोन मुदती. नियम बघून खचू नका. मुदती संपेपर्यंत सचिव, मग ‘मुख्य मार्गदर्शक’, तोवर सूनबाई सचिव. २०२५ च्या नव्या क्रीडा कायद्याने राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीत किमान चार महिला हव्यात असं ठरवलंय. लोक याला सुधारणा म्हणतात. तुम्ही घरातली माणसं मोजा.

आता एक धोका. याच २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये समुद्रावरचं रोइंग येतंय, बीच स्प्रिंट. वाळूवरून धावत जाऊन नावेत उडी, अडीचशे मीटर बोयांना वळसे घालत आत, अडीचशे सरळ परत, पुन्हा वाळूवर धाव. म्हणजे गिरगाव चौपाटी, जुहू, आक्सा चालेल, तलावाची परवानगी नको, सरळ दोन किलोमीटरही नकोत. मुंबईला या सबबी उरत नाहीत. यावर एकच इलाज: पहिली राज्य स्पर्धा जुलैत जाहीर करा. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या काठावर, समुद्र मोकळा, असं प्रसिद्धीपत्रकात लिहा. समुद्र त्या महिन्यांत का मोकळा असतो हे कोळीवाड्यात कोणालाही विचारू नका. मग लाटांमुळे स्पर्धा पुढे ढकला, नारळी पौर्णिमेनंतर ‘न्यायप्रविष्ट’ करा.

इतकं करूनही एखाद्या संध्याकाळी कोणीतरी येतंच. मढच्या कोळीवाड्याकडची सोळा वर्षांची पोर, बरोबर बाप. तिच्या तळहाताला घट्टे, खांदे रुंद, उभी तुमच्यापेक्षा चार बोटं उंच. बाप म्हणेल, “साहेब, हिला तुमच्या शर्यतीत घ्याल का? लहानपणापासून होडीतच आहे.”

“जिल्हा संघटनेचं पत्र आणलंय?”

“ते कुठं मिळतं?”

“माझ्याकडेच. पण त्याला अर्ज लागतो.”

“मग द्या अर्ज, आताच भरते.”

“फॉर्म संपलेत.”

पोर भिंतीवरच्या फोटोकडे बघत असेल. “साहेब, ह्यांनी पाय का वापरले नाहीत?” असं ती विचारेल. चिडू नका. चहा मागवा, दोघांनाही पाजा, बापाचा नंबर डायरीत लिहून घ्या आणि त्यांना गुरुवारी यायला सांगा. गुरुवारी तुम्ही दिल्लीला महासंघाच्या बैठकीत असाल. तिकीट संघटनेच्या खात्यातून, आणि सूनबाईंचंही, कारण महिलांचं प्रतिनिधित्व महत्त्वाचं आहे.