साहेबांचा पीडीएफ आणि मामांचं बोअर

रविवारी गावाकडनं मामांचा फोन आला. "बोअरची गाडी ठरवलीय. ७०० फूट मारायचं. आमदारसाहेबांनीच लिहिलंय." लिहिलंय म्हणजे 'उन्हाळी अहवाल' नावाच्या चार पानी पीडीएफमध्ये. माढा, मोहोळ, करमाळा, सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या ग्रुपवर सध्या तोच फिरतोय. साहेबांचं नाव मी घेत नाही. पहिल्या पानावर नुसते हारतुरे आहेत, तेही सोडतो. पण दुसऱ्या पानाच्या भरवशावर मामा दोन एकर डाळिंबासाठी मामीचं गंठण गहाण टाकायला निघालेत.

त्या पानावर ठळक अक्षरात आहे: '७०० फुटांखाली पाताळगंगा वाहते, ती कधी आटत नाही. शेतकरी बंधूंनी खोल बोअर घ्यावे.'

कसली गंगा? आपला जिल्हा काळ्या पाषाणावर, बेसाल्टवर बसलाय. लाव्ह्याचे थर एकावर एक. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांच्या दगडात, फटींत आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली जावं तसा वरचा भार वाढतो, फटी मिटत जातात आणि गाडी नुसता धुरळा वर फेकते. बिल मात्र फुटावर.

खोल बोअरला पाणी लागतच नाही, असं नाही. आमच्या वस्तीवर एकाला ५५० फुटांवर लागलं, त्याचं नाव अजून निघतं. त्याच उन्हाळ्यात आजूबाजूला मारलेली कोरडी बोअरं दगड टाकून बुजवली, त्यांचं नाव कोण काढतंय? आणि त्या नशीबवानाची मोटरही दुसऱ्या वर्षी गुळण्या टाकायला लागली. खोल फटीत साठलेलं जुनं पाणी उपसलं की संपतं, पावसाचं पाणी तिथवर सहजी पोचत नाही. वर आणखी एक होतं. त्या लांबलचक भोकातनं वरच्या थराचं पाणी खाली उतरतं आणि शेजाऱ्याची ४० फुटी विहीर तळ दाखवते. मग बांधावर भांडणं.

कहर पुढं आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ काढून बघा. २०१४ पासून तो लागू आहे आणि शेती किंवा उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. बोअरही त्यातच आलं. ६० मीटर म्हणजे १९७ फूट. कायदा केला विधिमंडळानं, साहेब बसतात त्याच विधिमंडळात, आणि गावाला सांगतात ७०० फूट मारा! "सगळेच मारतात, कोण विचारतंय?" हे मामांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. गाड्या दिवसाढवळ्या फिरतात. पण म्हणून आमदारानं ते स्वतःच्या फोटोखाली छापायचं?

तिसऱ्या पानावर उजनी. 'धरण उणे ४० टक्के, म्हणजे थेंबभरही पाणी शिल्लक नाही.' उजनीचा एकूण साठा ११७.२३ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला उपयुक्त ५३.५७ आणि मृतसाठा ६३.६६. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला, खालचे ६३ टीएमसी जागेवरच असतात. उणे ४० ला त्यातले साडेएकवीस गेले, तरी ४२ च्या वर उरतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० च्याही खाली गेलं होतं, तेव्हाही सोलापूर शहराला पाणी उजनीचंच होतं. चार-पाच दिवसांआड का होईना, नळ आले.

शहरासाठी भीमेच्या पात्रातनं पाणी सोडताना बरंच वाटेतच जातं, हे साहेबांनी लिहिलंय आणि ते बरोबर आहे. नदीतनं येणारं पाणी उन्हात उडतं, वाळूत मुरतं, काठावरच्या मोटरी ओढतात. उणे झाल्यावर शेतीच्या आवर्तनाची आशा सोडावी लागते, हेही खरं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची भीती खोटी नाही. पण ४२ टीएमसीला 'थेंब नाही' म्हटलं की तोच घाबरलेला माणूस बोअरच्या गाडीला फोन लावतो.

शेवटच्या पानावर 'एक रुपयात पीक विमा'. ते २०२३ च्या खरिपात सुरू झालं आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झालं. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकाला ५ टक्के भरावे लागतात. रुपया घेऊन केंद्रावर गेलात तर परत याल.

मामांना म्हटलं, यंदा बहार धरू नका, फळ सोडा, झाडं जगवा. आळ्यात पाचट टाका, ठिबक रात्री चालवा. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू सोलापुरात फ्लॅटमध्ये बसून सांगतोस."

काल मामीचा फोन आला. गाडी रद्द झालेली नाही, पुढच्या गुरुवारवर ढकललीय. पाणाड्या नारळ घेऊन जागा दाखवून गेला. गंठण अजून गळ्यात आहे.