लोमू ‘संपला’ नव्हता
‘2002 नंतर जोना लोमूचा फॉर्म हरवला आणि तो संपला’ हे न्यूझीलंडच्या या रग्बीपटूवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मनाला लागलं. फॉर्म नाही हो, मूत्रपिंडं गेली होती त्याची! 1995च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध चार ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणं) केलेल्या या मुलाला त्याच वर्षाच्या शेवटी नेफ्रोटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजाराचं निदान झालं. म्हणजे 1999च्या विश्वचषकातल्या आठ ट्राय त्याने हा आजार अंगावर घेऊन केल्या. लेखात याबद्दल एक ओळ नाही.

माझ्या थोरल्या भावाला हाच आजार आहे. सकाळी पाय इतके सुजतात की चप्पल चढत नाही, एक जिना चढला की तो बसून घेतो. त्यामुळे सव्वाशे किलोच्या आसपासचा तो देह घेऊन लोमू धावायचा कसा, हे मला आजही कळत नाही. शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला तेव्हा तो फक्त 27 वर्षांचा होता. पुढे डायलिसिस, 2004 मध्ये मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण, आणि तरी 2005 मध्ये गडी पुन्हा व्यावसायिक रग्बी खेळायला उतरला. 2015 मध्ये चाळिशीतच गेला. कृपा करून ते वाक्य बदला.