गोठ्यातलं पाणी आणि पुण्याचा सल्ला

आठवडा झाला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटलाय. पुण्याच्या दाजींनी लिहिलं, "माणदेशात टँकर चालू, आणि शेतकरी पाइप धरून गाई धुतोय. ह्यांना पाण्याची किंमतच नाही. ऑस्ट्रेलियात बघा." धाकट्या भावाचं उत्तर, "आधी उसाला सांगा." तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

किंमत कुणाला नाही, दाजी? संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते. आईने ते कळशीने वाहिलंय.

मी ऑस्ट्रेलियात हॉर्शमला शेतीच्या अवजारांच्या दुकानात आहे. या विमेरा भागात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांचं पाणी मातीच्या उघड्या पाटांनी शेततळ्यात सोडायचे. बहुतेक पाणी वाटेतच मुरायचं, नाहीतर वाफ होऊन जायचं. म्हणजे इथला शेतकरी जन्मतः शहाणा नव्हता. 2010 पर्यंत सुमारे 17 हजार किलोमीटर पाट बंद करून जमिनीखालून पाइप नेले, शेताच्या तोंडाशी मीटर बसवला. वर्षाला 100 अब्ज लिटरच्या आसपास पाणी वाचलं. खर्चाचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकारने उचलला. "ऑस्ट्रेलियात बघा" म्हणताना दाजी नेमकं हेच गाळतात.

पण भावाचंही सगळं पटत नाही. उसाकडे बोट दाखवून आपल्या गोठ्यातली गळती थांबत नाही. गाई न बांधता मोकळ्या ठेवल्या, म्हणजे मुक्त गोठा केला, की रोज पाइप मारावा लागत नाही. आणि गाय पिते त्याच्या कितीतरी पट पाणी तिच्या चाऱ्याला लागतं. हत्तीघासाला पाट सोडून देण्यापेक्षा ठिबक टाकावं, पावसाळी मक्याचा मुरघास करावा, म्हणजे हिरवा चारा हवाबंद साठवावा. हे मी त्याला पोटतिडकीने लिहिलं. वर इथल्या डोणीचा फोटो टाकला: सिमेंटची गोल डोण, कडेला झाकलेला बॉलकॉक. मेंढरू दोन घोट पितं, तेवढंच आत येतं. थेंब बाहेर सांडत नाही. खाली लिहिलं, "आमच्याकडे सगळीकडे असंच असतं."

त्याचा मेसेज आला, "आमच्याकडे म्हणजे कुठे, दादा? बॉलकॉक मी उद्या बसवतो. टाकीत पाणी कधी येणार तेवढं सांग."

हे वाचल्यापासून आत काहीतरी रुतलंय. 2019 ला अण्णा चारा छावणीत गाईंपाशी मुक्कामाला होते. मी इथून व्हिडिओ कॉलवर त्यांच्यामागच्या गाई मोजायचो. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, पण टँकरमागे धावणाऱ्यांत मी कधी नव्हतो. आणि तरी दाजींसारखाच मीही सल्ला देऊन मोकळा झालो.

काल त्याला विचारलं, मोठी टाकी आणि ठिबकचे पैसे पाठवू का? तो म्हणाला, "पैशाचं नंतर बघू. एकदा मे महिन्यात ये."

एप्रिल-मे म्हणजे इथली पेरणी. दुकानात रजेचं नावही काढता येत नाही. चौदा वर्षं झाली, गावाकडचा मे मी पाहिलेला नाही.