टेबलावरच्या खेळाला हसण्याआधी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेतकरी ग्रुपांवर पंधरा दिवस एक मजकूर फिरतोय. सारांश असा: ‘परदेशी प्राध्यापक कॉलेजच्या पोरांना खोट्या पैशांचा खेळ खेळायला लावतात आणि त्यावरून बाजारात माणूस कुठं चुकतो ते सांगतात. एसीत बसून शिवार कळत नाही. अनुभवी माणूस असा चुकतच नाही. दर पडतात ते मागणी बेभरवशाची म्हणून.’ खाली ‘पटलं तर पुढे पाठवा.’ मला तीनदा आला, त्यात एकदा सख्ख्या मेहुण्याकडून.

मागणीचा मुद्दा आधी घेतो, खरी गंमत तिथं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात साठच्या दशकापासून एक खेळ खेळवतात. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चौघांची साखळी. दर आठवड्याला वरच्याकडं मागणी नोंदवायची, माल यायला काही आठवडे. पडून राहिलेल्या पेटीचा खर्च, न पुरवलेल्या पेटीचा त्याहून जास्त. तिथलेच प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी त्याचे निकाल १९८९ मध्ये छापले. गिऱ्हाइकाची मागणी सगळ्या खेळात एकदाच बदलते, आठवड्याला ४ पेट्यांच्या ८ होतात. मग ती हलत नाही. तरी कारखान्यापर्यंत जाताना लाटा उसळतात, आधी टंचाई आणि मग मालाचे ढीग. सरासरी खर्च, नीट खेळून झाला असता त्याच्या दहापट. गिऱ्हाइकाची मागणी कशी होती ते काढून दाखवा म्हटलं की बरेच जण वर-खाली जाणारी रेघ काढतात!

मार्केट यार्डात हे कधीच दिसलं नसतं. तिथं पाऊस, डिझेल, सणवार सगळं एकदम बदलतं, खापर फोडायला कुणीतरी सापडतोच. टेबलावर मागणी प्रयोग करणाऱ्याच्या मुठीत असते, म्हणून लाट कुणी उठवली ते कळतं. चूक बहुतेकांची एकच: मागवलेला पण अजून न आलेला माल हिशेबात धरायचा राहतो.

आता आमचा कोबी बघा. दर चढला की नर्सरीतली रोपं संपतात. शेजाऱ्यानं लावलेला, अजून न तोडलेला कोबी कोण मोजतो? लावणीपासून अडीच-तीन महिन्यांनी सगळा एकदम बाजारात. माझ्या चुलतभावानं पाऊण एकर उभ्या कोबीवर रोटर फिरवला, तोडणीची मजुरीही निघत नव्हती. बांधावर उभा राहून म्हणाला, “गोव्याला माल उठेना झालाय.” गोवेकर काही कोबी खायचे थांबले नव्हते. त्याच वाटेवर सात-आठ रानांत कोबीच उभा होता.

आता बाकीचे आक्षेप. ‘खोटे पैसे, म्हणून निष्काळजीपणा.’ निष्काळजी माणसं दहा दिशांना चुकतात. इथं टेबलामागून टेबल एकाच दिशेला चुकतं.

‘कॉलेजची पोरं.’ एर्लिंग मोक्सनेस यांनी नॉर्वेत मासेमारीचा प्रयोग केला, त्याचे निकाल १९९८ चे. खेळायला मच्छीमार, अधिकारी, संशोधक. मासळीवर हक्क प्रत्येकाचा एकट्याचा, म्हणजे दुसरा ओरबाडून नेईल ही भीतीच नाही. तरी बोटी गरजेपेक्षा सरासरी ६० टक्के जास्त घेतल्या. पाण्याखाली किती मासळी उरलीय ते उशिरा कळतं, आणि तोवर बोटी घेऊन झालेल्या असतात.

‘खरं जग गुंतागुंतीचं असतं.’ असतंच. सोप्या खेळात ही गत, तर पुढं काय?

एक मात्र त्या मजकुराचं मला पटतं. टेबलावर सोसायटीचं कर्ज नसतं, उसाचं थकलेलं बिल नसतं. माणूस कुठं चुकतो ते प्रयोग दाखवतो, पण कोबी लावण्यावाचून त्याला इलाज होता का, हे तिथं कळत नाही.

दिवाळीत घरीच चिठ्ठ्या करून हा खेळ मांडला. मेहुणा तीस वर्षं यार्डात अडत करतो, त्याला घाऊक व्यापारी केलं. बाराव्या आठवड्याला पठ्ठ्यानं ३० पेट्या मागवल्या. आधीच्या मागणीचा माल वाटेत आहे, तो धरलास का, म्हणून विचारलं.

“दाजी, तो हातात पडला तर खरा!”

उत्तर अगदीच चुकीचं नाही, वरच्याकडंही माल संपलेला असू शकतो. पण पाच आठवड्यांनी त्याच्यासमोर चिठ्ठ्यांचा ढीग साचला होता आणि तो किरकोळ दुकानदाराच्या, म्हणजे स्वतःच्याच बायकोच्या, नावानं बोटं मोडत होता.