‘130 चा स्लॅब आहे ना, मग भीती कशाची?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की डेक स्लॅबवर (नालीदार पत्र्यावर ओतलेल्या कॉन्क्रीटच्या स्लॅबवर) ग्लेझिंगचे, म्हणजे बाहेरच्या काचेच्या भिंतीचे, ब्रॅकेट लावायचा मी उगाच बाऊ केलाय, कॉन्क्रीट एम30 ग्रेडचं, जाडी 130 मिमी, अँकर एम12 (12 मिमीचा बोल्ट), साइटवर पुल टेस्ट (अँकर जॅकने ओढून पाहणं) पास, खाली पत्र्याचा आधार, विषय संपला. नाही संपत ना पण.

130 ही जाडी पत्र्याच्या खोलगट पट्ट्यात. डेक 60 चा असेल तर उंचवट्यावर उरतात फक्त 70, आणि एम12 च्या बऱ्याच एक्स्पान्शन अँकरच्या (भोकात फुगून पकडणाऱ्या बोल्टच्या) कॅटलॉगमध्ये किमान जाडीच 100 ते 140 मिमी मागतात. आता ड्रिलवाल्याला वरून काय दिसणार, सगळं सपाट कॉन्क्रीट. नागपुरात मिहानकडच्या एका साइटवर आमचा फिटर केमिकल अँकरच्या (चिकट रसायनाने बसवायच्या बोल्टच्या) भोकात गन दाबतोय, दाबतोय, अन् म्हणतो “साहेब, भोक भरतच नाही”... खाली जाऊन पाहिलं तर पत्र्याला आरपार भोक अन् केमिकल खालच्या मजल्यावर टपकतंय.

आता तुमची पुल टेस्ट. रिस्ट्रेंट ब्रॅकेट, म्हणजे काचेची चौकट नुसती जागेवर धरून ठेवणारा, काचेचं वजन घेतच नाही, ते डेड लोड ब्रॅकेटवर असतं, म्हणून तर रिस्ट्रेंटला उभा स्लॉट ठेवतात, आपल्या मे महिन्यात अ‍ॅल्युमिनियम लांबणारच. रिस्ट्रेंट घेतो तो वारा. आयएस 875 भाग 3 मध्ये (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) नागपूरला वाऱ्याचा मूळ वेग 44 मीटर प्रति सेकंद आहे, नुसतं 0.6 गुणिले वेगाचा वर्ग केलं तरी चौरस मीटरला 1.16 किलोन्यूटनच्या आसपास जातं, उंची अन् कोपऱ्याचं सक्शन (वाऱ्याची बाहेरची ओढ) अजून धरलंच नाही. हे सक्शन अँकरला स्लॅबच्या कडेकडे ओढतं, तुमची टेस्ट ओढते वर! त्यात जॅकचे पाय अँकरच्या शेजारीच टेकलेले, म्हणजे जे कॉन्क्रीट शंकूसारखं सुटायला पाहिजे तेच दाबून धरलंय, मग पास नाही होणार तर काय. कडेचं अंतर 60 चं 120 केलं तर जाड कॉन्क्रीटमध्ये कडेची ताकद अडीच पटीच्या आसपास वाढते, पण 70 च्या थरात तेवढा फायदा मिळत नाही.

पत्र्याचा आधार म्हणाल तर तो स्लॅब वाकताना कामाचा. कडेची एज ट्रिम (स्लॅबच्या कडेची उभी पत्र्याची पट्टी) म्हणजे निव्वळ शटरिंग, तिच्यामागे व्हायब्रेटर नीट पोचला नसेल तर हनीकोंब (कॉन्क्रीटमध्ये पोकळ्या) ठरलेलंच.

खरं उत्तर म्हणजे कॉन्क्रीट ओतायच्या आधी कास्ट-इन चॅनेल (स्लॅबमध्येच बसवायची, बोल्ट अडकवायची स्टीलची खाच) टाकणे, किंवा कडेला डेक आधीच थांबवून पूर्ण जाडीची भरीव पट्टी काढणे. फसाडवाला (काचेच्या भिंतीचा कंत्राटदार) ठरतो स्लॅब झाल्यावर, हे मलाही माहीत आहे. मग ब्रॅकेट थेट स्टीलच्या एज बीमला नेता येतो का ते स्ट्रक्चरलवाल्याला विचारा. तेही जमत नसेल तर निदान डेकचं लेआउट ड्रॉइंग मागा, खालून खोलगट पट्ट्या मोजून वर चॉकने मारा, मगच ड्रिल लावा.

आणि तुमच्या साइटवर रिब (त्याच खोलगट पट्ट्या) कडेला समांतर आहेत की काटकोनात, तेवढं कळवा, समांतर असतील तर पूर्ण कडच 70 वर बसलेली असू शकते.