शिकारीचा हंगाम संपल्यावर माग पाहणे व्यर्थ नाही

अमेरिकेतील व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांच्या शिकारीविषयी एक दावा सतत पुढे पाठवला जातो आणि तिथे परवाना काढून शिकार करणाऱ्या काही मराठी मंडळींनाही तो पटलेला दिसतो. दावा असा : थंडीत हरणांचे वागणे बदलते, म्हणून जानेवारीनंतर रानात माग पाहणे व्यर्थ आहे; जुन्या खुणा पुढच्या वर्षी उपयोगी पडत नाहीत; रानात हालचाल टिपणारे कॅमेरे लावले की सगळे कळते; शिवाय जनावरांना विनाकारण त्रास होतो. यातला शेवटचा मुद्दा काही प्रदेशांपुरता खरा आहे. बाकीचे तीन टिकत नाहीत.

थंडीत वागणे बदलते, याबद्दल वाद नाही. नोव्हेंबरच्या मध्यावरचा माज, म्हणजे मीलनाचा काळ, ओसरतो, खाणे कमी होते आणि हरणे उन्हाच्या उतारांवर किंवा सूचिपर्णी झाडांच्या आडोशाला अधिक वेळ काढतात. म्हणून फेब्रुवारीतल्या ताज्या खुरांवरून आणि लेंड्यांवरून ऑक्टोबरचा अंदाज बांधू नये, हे मान्य. परंतु दावा करणारे ताजा माग आणि हंगामातली खूण यांची गल्लत करतात. नराच्या वाढत्या शिंगांवरची मखमल, म्हणजे मऊ लवदार कातडी, ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये उतरते आणि बहुतेक नरांची शिंगे जानेवारी ते मार्च या काळात गळून पडतात. मार्चमध्ये ज्या झाडाची साल शिंगांनी सोलून आतले लाकूड उघडे पडलेले दिसते, त्याच्यावरची ती खूण त्यामुळे बहुधा हंगामातलीच असते. पानगळ झालेली असल्याने अशी झाडे एका ओळीत नजरेस येतात आणि साल कोणत्या बाजूची निघाली आहे, यावरून नर कुठून येत होता हेही ताडता येते. पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणानंतरच्या) शनिवारी बंदुकीचा हंगाम सुरू झाला की हरणे माउंटन लॉरेलच्या दाट झुडपांत शिरतात. तिथे कशी वाट काढतात आणि कुठे बसतात, हे हंगाम चालू असताना आत शिरून पाहणे म्हणजे त्यांना तिथून हुसकावणे होय. हंगामानंतर मात्र तेच निवांतपणे पाहता येते, आणि माझ्या मते या भटकंतीचे सर्वांत मोठे मोल यातच आहे.

खुणा वर्षभरात शिळ्या होतात, हा दुसरा मुद्दा. ज्या नराने झाड घासले तो मारला गेला असेल, हे शक्य आहे. पण डोंगराच्या दोन सोंडांमधली खिंड, ओढा ओलांडण्याची उथळ जागा आणि दाट झाडीची कड तिथेच राहते. माद्या बहुधा आपल्या आईच्या परिसरातच वाढतात आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच नांदतात, तर माज दिवसाच्या लांबीवर ठरत असल्याने जवळपास त्याच तारखांना येतो. त्यामुळे माद्यांच्या शोधातला नवा नरही पुष्कळदा त्याच वाटा धरतो. अन्नाच्या खुणांबाबत मात्र सावध राहावे. पांढऱ्या ओकला दरवर्षी सारखी फळे धरत नाहीत आणि या वर्षी मका असलेल्या शेतात पुढच्या वर्षी सोयाबीन असू शकते. जिथे खुणा केवळ खाण्यामुळे उमटल्या, त्या जागेवर भिस्त ठेवून मचाण बांधू नये.

कॅमेरा आपल्यासमोरून जे गेले तेवढेच सांगतो. हरीण कुठून निघाले आणि कुठे बसले, हे त्याला दिसत नाही; शिवाय तो कुठे लावायचा, हे ठरवण्यासाठीही आधी पायी फिरावेच लागते.

त्रासाचा मुद्दा गंभीर आहे आणि तो धुडकावणाऱ्या शिकाऱ्यांशी मी सहमत नाही. मिशिगनचा उत्तरेकडील द्वीपकल्प आणि मेन राज्याचा उत्तर भाग इथे खोल बर्फ पडला की हरणे सेडार, हेमलॉक यांसारख्या झाडांखाली गोळा होतात आणि मुख्यतः अंगावरच्या चरबीवर तग धरतात. अशा जागी त्यांना बर्फातून पळवले, तर ती चरबी वाया जाते आणि वसंत येईपर्यंत दुबळी जनावरे दगावू शकतात. वायोमिंगच्या पश्चिम भागातील सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिलपर्यंत गळालेली शिंगे गोळा करण्यास बंदी आहे, ती याच कारणासाठी. परंतु यावरून रानात जाऊच नये असे ठरत नाही. बर्फ वितळेपर्यंत थांबावे, एवढेच ठरते. पेनसिल्व्हेनियाच्या बऱ्याच भागांत मार्चमध्ये जमीन उघडी होते, पालवी अजून फुटलेली नसते आणि एखादा नर बसल्या जागेवरून उठला, तरी हंगामाला सहा महिने असतात. तोच नर सप्टेंबरच्या अखेरीस उठवला, तर तो ती जागा त्या हंगामापुरती सोडून देण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.