तीन मिलिमीटरची माया

कोल्हापुरात एखाद्या तालीम मंडळाने स्मरणिका काढायचे ठरवले, की देणगीदार सापडतात, जाहिराती मिळतात आणि प्रकाशनाला पाहुणेही मिळतात; घोडे अडते ते छापखान्याला हवी तशी फाइल कोणी करून द्यायची, एवढ्याच एका प्रश्नावर. अशा वेळी ज्याच्या घरी संगणक आहे, ज्याला मराठी टंकलेखन येते आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, असा निवृत्त शिक्षक शोधला जातो. आमच्या पेठेत या तिन्ही अटींत बसणारा मी एकटाच निघालो.

शाहूपुरीतल्या छापखान्याच्या मालकांनी मला एका चिटोऱ्यावर मुद्देसूद सूचना लिहून दिल्या. पुस्तिका ए-फाइव्ह, म्हणजे छाटल्यानंतर १४८ बाय २१० मिलिमीटर; चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (छाटाच्या रेषेबाहेर नेलेला जादा रंग), म्हणजे फाइलमधले पान १५४ बाय २१६; मजकूर कडेपासून निदान १० मिलिमीटर आत; क्रॉप मार्क, म्हणजे कुठे छाटायचे ते दाखवणाऱ्या कोपऱ्यांतल्या बारीक रेघा, ब्लीडच्या बाहेर; फोटो ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके; रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे; आणि मधोमध पिन मारायची असल्यामुळे पाने चारच्या पटीत. गणित शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखे काही नव्हते. घाबरायला हवे होते ते कार्यकारिणीच्या बैठकीला.

बैठकीत मी ब्लीडचे कारण शक्य तितके सोपे करून सांगितले. छापलेल्या पुस्तिकांची चळत कटिंग मशीनच्या पात्याखाली दाबून एकदम छाटली जाते, त्या वेळी एखादी पुस्तिका केसभर सरकते, शिवाय आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा पिऊन किंचित फुगलेला असतो. त्यामुळे रंग बरोबर छाटाच्या रेषेवर थांबवला, तर कुठल्या ना कुठल्या प्रतीत कडेला पांढरी दोरी दिसतेच, आणि ती दिसू नये म्हणून रंग रेषेच्या पुढे ३ मिलिमीटर न्यायचा आणि तो कापू द्यायचा. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग खजिनदार म्हणाले, "काय हो सर, कापूनच टाकायचं असंल तर छापायचं कशाला?"

त्यांनी तिथेच मोबाइलवर हिशेब केला आणि शंभर रुपयांच्या कागदामागे सात रुपयांचा कागद कचऱ्यात जाणार, असे जाहीर केले. आकडा बरोबर होता. पिन मारायच्या बाजूला छाट नसते, म्हणून खरे प्रमाण पाच टक्क्यांच्याच आसपास येते, असे मी नम्रपणे सुचवले. पण पाच रुपये जातात हे मीच कबूल केले, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. अखेर महाद्वार रोडजवळ शिलाईचे दुकान असलेले एक सभासद माझ्या मदतीला आले. "कापडाला आपण माया सोडतो न्हाई का, तसंच हाय हे," असे ते म्हणाले आणि बैठकीतल्या निम्म्या माना डोलल्या. खजिनदार मात्र हटले नाहीत. "माया आत दुमडून ऱ्हातीया. ही कापून जातीया," असे त्यांनी बजावले, आणि खरे सांगायचे तर यावर माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

ब्लीडचा ठराव बहुमताने मंजूर झाला, पण लगेच अध्यक्षांच्या मनोगताभोवतीच्या सोनेरी वेलबुट्टीचा विषय निघाला. ती वेलबुट्टी अगदी कडेला चिकटून हवी होती. कडेला बारीक चौकट ठेवली आणि छाट मिलिमीटरभर हलली, तर एका बाजूला चौकट जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते, म्हणून ती एकतर बरीच आत घ्यावी किंवा काढूनच टाकावी, असा छापखान्यांचा रिवाज आहे. अध्यक्षांनी तो ऐकून घेतला आणि कोल्हापूरच्या माणसाने काठ सोडून वागायचे कशाला, असा सवाल केला. त्यावर टाळ्या पडल्या. मी चौकट ८ मिलिमीटर आत घेतली आणि बाहेरच्या जागेत फिकट केशरी रंग भरला. केशरी दिसल्यावर कोणीही मिलिमीटर मोजले नाहीत.

पहिले प्रूफ सचिवांच्या घरी तपासायला ठेवले होते. ते परत आले तेव्हा प्रत्येक पानाच्या कोपऱ्यांतले क्रॉप मार्क पांढऱ्या शाईने काळजीपूर्वक पुसलेले होते आणि समासात लाल अक्षरांत शेरा होता, "छपाईतला डाग. दुरुस्ती करणे." शुद्धलेखनाच्या चुका मात्र जशाच्या तशा राहिल्या होत्या.

जाहिरातदारांचे प्रकरण याहून नाजूक होते. लक्ष्मीपुरीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानदारांनी पाव पानाची जाहिरात दिली होती. प्रूफ दाखवायला गेलो, तेव्हा त्यांनी गल्ल्याशेजारची पोलादी टेप उचलली आणि जाहिरात मोजली. ती ६२ बाय ९० भरली. मग त्यांनी अख्खे पान मोजले, मनातल्या मनात पाव काढला आणि मला ७४ बाय १०५ हा आकडा सुनावला. समास सोडून उरलेल्या जागेचा पाव धरतात, हे त्यांना पटवणे मला जमले नाही. "सर, पैसे पाव पानाचं घेतलाय. समास तुमचा हाय, तुम्ही सोसा," एवढेच ते म्हणाले. पोलादी टेपपुढे बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांची जाहिरात मी अर्ध्या पानावर नेली. फरकाचा बोजा माझ्या संपादकीयाने उचलला.

फोटोंबद्दल फार लिहीत नाही. ब्लीडसह पूर्ण पान भरायला सुमारे १,८१९ बाय २,५५१ पिक्सेल लागतात आणि व्हॉट्सअॅपवरून दाबून-चेपून आलेल्या फोटोंत ते नसतात. शिवाय मोबाइलच्या पडद्यावर लखलखणारा गुलाल चार शाईंच्या छपाईत कधीच तितका पेटत नाही, त्यामुळे मिरवणुकीचे प्रत्येक चित्र पाहून "गुलाल कमी पडलाय" अशी तक्रार आली.

खरी कसोटी लागली ती समूहचित्राने. ते दोन पानांवर पसरून हवे होते. चौसष्ट पानांच्या पिनवाल्या पुस्तिकेत डावे-उजवे पान एकाच सलग कागदावर येते ते फक्त मध्यावर, म्हणजे ३२ आणि ३३ वर, आणि पिनाही तिथेच उघड्या पडतात. समूहचित्रात मधोमध प्रमुख पाहुणे असतात. त्यामुळे वरची पिन त्यांच्या फेट्यात आणि खालची मांडीवरच्या श्रीफळात, असा योग जुळून आला. चित्र थोडे उजवीकडे सरकवले, तर पाहुणे सुटतात, पण तिकडच्या टोकाला उभे असलेले वस्ताद छाटात जातात. डावीकडे सरकवले, तर देणगीदार जातात. त्यातच मधली पाने घडीमुळे बाहेर सरकत असल्याने छाटल्यावर ती मुखपृष्ठापेक्षा एक-दीड मिलिमीटर अरुंद होतात, म्हणजे वस्तादांवरचे संकट त्या पानांत आणखी जवळ येते. वस्तादांना कापायचे धाडस आमच्या पेठेत कोणाला नाही. शेवटी चित्र लहान करून, पाहुण्यांना पिनेपासून बोटभर दूर बसवून, भोवती पांढरी जागा सोडली. ती पाहून खजिनदारांनी एवढी जागा रिकामी का, असे विचारले.

छाटाच्या दिवशी ते स्वतः छापखान्यात हजर होते. पाते खाली आले, चळतीच्या कडेने रंगीत पट्ट्यांचा ढीग पडला आणि खजिनदारांनी मालकांना कातरण कोणाची, असे सरळ विचारले. ती रद्दीत जाते, असे उत्तर येताच त्यांनी बरोबर आणलेली दोन पोती उघडली. वार्षिक सभेत जमाखर्च वाचताना जमेच्या बाजूला "कातरण विक्री" अशी नोंद होती, आणि ती वाचून झाल्यावर खजिनदार माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढल्या सालाला ब्लीड जरा वाढवूया की, सर. कातरण तेवढीच जास्त पडंल."